फ्रीजमध्ये शिरणारी वायर : घरगुती बिअर-किण्वनातील तापमान-नियंत्रणाचा एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

बिअरचे किण्वन ही सजीवांनी घडवून आणलेली प्रक्रिया असून तिचे यशापयश बहुतांशी तापमानावर अवलंबून असते. हे तापमान प्रथम ऋतूने व तळघराने, नंतर बर्फाने व शीतयंत्राने आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरातील जुन्या फ्रीजने सांभाळले. घरी बिअर करणाऱ्या युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींना फ्रीजमध्ये संवेदकाची वायर कोठून न्यावी हा प्रश्न पडतो. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या प्रश्नामागे स्त्रियांच्या हातून गेलेला उद्योग, भांडवली यंत्रोद्योगाची वाढ, बालमृत्यूंमुळे झालेला कायदा आणि ओझोन थराच्या रक्षणाचा जागतिक करार असे इतिहासाचे अनेक पदर आहेत. प्रस्तुत निबंधात ते उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : किण्वन, शीतकरण, गृहोद्योग, तापनियंत्रक, तंत्रज्ञानाचा सामाजिक इतिहास.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत बी.ओ.डी. इनक्युबेटर नावाचे एक कपाट असते. बाहेरून ते फ्रीजसारखेच दिसते. त्यात थंडावा देणारी यंत्रणा, ऊब देणारा हीटर, तापमान टिपणारा संवेदक आणि गरजेप्रमाणे थंडावा किंवा ऊब चालू-बंद करणारा नियंत्रक असे चार घटक असतात. युरोप-अमेरिकेत घरी बिअर करणारे हौशी लोक जुन्या फ्रीजपासून नेमके हेच उपकरण स्वतःच्या हाताने तयार करतात. फ्रीज अडगळीतला, नियंत्रक बाजारातून आणलेला आणि दोहोंना जोडणारी एक बारीक वायर, एवढीच सामग्री. मात्र एक अडचण उभी राहते. फ्रीज हे घट्ट बंद राहण्यासाठीच बनवलेले कपाट आहे. त्याच्या आत वायर न्यायची कोठून?

हा प्रश्न कारागिराचा आहे, इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु कपाटाच्या दाराची रबरी पट्टी मऊ का आहे, त्याच्या भिंतीत छिद्र पाडणे धोक्याचे का आहे आणि ते पाडण्याची वेळ सामान्य गृहस्थावर मुळात का आली, यांतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणत्या ना कोणत्या ऐतिहासिक घटनेकडे नेते. तंत्रज्ञानाचा इतिहास आपल्याकडे बहुधा शोध आणि शोधक यांच्या नावांनी लिहिला जातो. वस्तू विकत घेतल्यानंतर वापरणाऱ्याने तिच्यात काय फेरफार केले, याची नोंद क्वचितच होते. ही उणीव एका लहानशा उदाहरणापुरती भरून काढावी, एवढाच प्रस्तुत निबंधाचा मर्यादित हेतू आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

अ) बिअर-किण्वनातील तापमान-नियंत्रणाचे ऐतिहासिक टप्पे निश्चित करणे.
ब) शीतकरणाच्या तंत्राचा घरगुती मद्यनिर्मितीवर झालेला परिणाम तपासणे.
क) फ्रीजमध्ये वायर नेण्याच्या प्रचलित पद्धतींचा त्या उपकरणाच्या इतिहासाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. विषयाची भूमी प्रामुख्याने इंग्लंड, जर्मन भाषक प्रदेश व अमेरिकेची संयुक्त संस्थाने ही आहे. भारताचा व महाराष्ट्राचा उल्लेख जेथे प्रत्यक्ष संबंध येतो तेवढ्यापुरताच केला आहे.

३. किण्वन आणि तापमान

दही लावताना थंडीच्या दिवसांत विरजणाचे भांडे जाड कापडात गुंडाळून उबेला ठेवावे लागते, हा आपल्या घरोघरचा अनुभव आहे. दह्यातील जिवाणूंना ऊब हवी असते, तर बिअरमधील यीस्टला ती बेतानेच मानवते. माल्टच्या गोड अर्कातील शर्करेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करताना यीस्ट स्वतःही उष्णता निर्माण करते. त्यामुळे किण्वन ऐन भरात असताना भांड्यातील द्रवाचे तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक असते. तापमान फार चढले तर उग्र वासाची उच्च अल्कोहोले व केळ्यासारखा गंध देणारी एस्टरे प्रमाणाबाहेर तयार होतात. ते फार उतरले तर यीस्ट निपचित पडते.

‘एल’ या प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारणतः १५ ते २२ अंश सेल्सिअसला, तर ‘लागर’ प्रकारचे यीस्ट ७ ते १३ अंशांना उत्तम काम करते. म्हणजे कोणत्या ठिकाणी व कोणत्या ऋतूत कोणती बिअर होऊ शकेल, हे दीर्घकाळ निसर्गानेच ठरवले होते.

४. ऋतू, तळघर आणि गृहिणी

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल तयार करणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम होते. घरच्यासाठी केलेली एल थोडी अधिक झाली की ती शेजारीपाजारी विकली जाई. ती फार दिवस टिकत नसे, त्यामुळे दूरच्या बाजारपेठेचा प्रश्नच नव्हता. जुडिथ बेनेट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३०० ते १६०० या कालखंडावरील ग्रंथात हा उद्योग स्त्रियांच्या हातून पुरुषांच्या हाती कसा गेला, याचे सविस्तर विवेचन केले आहे. १३४८-४९ च्या महामारीनंतर वाढलेली मागणी, पंधराव्या शतकात नेदरलँड्सच्या बाजूने आलेली हॉप्सयुक्त व म्हणून अधिक टिकाऊ बिअर, मोठ्या भांड्यांसाठी लागणारे भांडवल आणि व्यापारी संघटनांतील पुरुषांचे वर्चस्व यांमुळे विवाहित, विधवा व एकट्या स्त्रियांचा हा जोडधंदा हळूहळू आक्रसत गेला. या स्थित्यंतराचे कारण थंडावा नव्हता, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. भांडवल प्रथम आले, थंडावा नंतर आला. मात्र जे स्थित्यंतर भांडवलाने सुरू केले ते पुढे शीतयंत्राने पक्के केले, असे म्हणता येईल.

बव्हेरियात ऋतूचे बंधन कायद्यानेच घातले गेले. तेथील १५१६ चा बिअरविषयक आदेश प्रसिद्ध आहे. तथापि, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने १५५३ चा आदेश अधिक महत्त्वाचा ठरतो. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या उन्हाळी काळात बिअर तयार करण्यास त्यान्वये मनाई करण्यात आली. उन्हाळ्यात केलेली बिअर नासते, हा अनुभव त्यामागे होता. यीस्टचे खरे स्वरूप त्या काळी कोणासही ठाऊक नव्हते. ही मनाई १८५० पर्यंत टिकली. थंडीत काम करणारे, तळाशी बसणारे यीस्ट या तीन शतकांत अजाणतेपणी निवडले व जोपासले गेले. लागरचे यीस्ट हा दोन जातींचा संकर आहे. त्यांपैकी थंडी सोसणाऱ्या जातीची ओळख २०११ मध्ये पॅटागोनियाच्या जंगलातील नमुन्यांवरून पटली.

उन्हाळ्यासाठी साठवलेली बिअर गार राहावी म्हणून म्युनिकच्या ब्रुअरीवाल्यांनी खोल तळघरे खणली, हिवाळ्यात त्यांत बर्फ भरला आणि जमिनीवर दाट सावलीचे चेस्टनट वृक्ष लावले. आजची बिअर-उद्याने याच सावलीतून उदयास आली.

५. हाताकडून उपकरणाकडे

माल्टवर ओतावयाच्या पाण्याचे तापमान अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाताने किंवा नजरेने जोखले जाई. उकळलेले पाणी निवताना वरची वाफ विरून त्यात स्वतःचा चेहरा दिसू लागला की ते योग्य झाले, असा एक ठोकताळा होता. फॅरनहाइटचा पाऱ्याचा तापमापक १७१४ चा. तो ब्रुअरीत रुजण्यास अर्धे शतक लागले. लंडनचा मायकेल कॉम्ब्रून याने १७६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तापमापकाचा पद्धतशीर वापर सांगितला. १७८४ मध्ये हल येथील जॉन रिचर्डसनने अर्काची घनता मोजण्याचे साधन प्रचारात आणले. अठराव्या शतकाच्या अखेरीस किण्वनाच्या पिंपात वेटोळ्या नळ्या बसवून त्यांतून थंड पाणी खेळवण्याची युक्ती पुढे आली. पीटर मॅथायस यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, ही साधने लंडनच्या प्रचंड पोर्टर-ब्रुअरींना सर्वांत आधी परवडली. किण्वनपात्राच्या आत बाहेरून काहीतरी नेऊन तापमान ताब्यात ठेवावयाचे, ही कल्पना येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर मूर्त झाली. आजच्या फ्रीजमध्ये जाणाऱ्या वायरचे दूरचे पूर्वज म्हणून या नळ्यांकडे पाहता येते.

याच काळात घरगुती मद्यनिर्मिती मावळत होती. विल्यम कॉबेट याने १८२१-२२ मध्ये लिहिलेल्या ‘कॉटेज इकॉनॉमी’ या पुस्तकात शेतमजुरांच्या घरी बिअर होईनाशी झाली, याबद्दल संताप व्यक्त केला असून माल्ट व हॉप्स यांवरील करांना दोष दिला आहे. मजूर बिअर सोडून चहाकडे वळले, हीही त्याची तक्रार होती. कर आणि उपकरणे या दोहोंच्या कात्रीत घरची चूल सापडली होती.

तापमान जाणून त्यानुसार आपोआप कृती करणाऱ्या साधनाला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर याने १८३० मध्ये दिले. त्यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे १८३३ मध्ये, तापमान वाढले असता सिल्व्हर सल्फाइडचा विद्युतरोध कमी होतो, असे मायकेल फॅरडेला आढळले. आजच्या नियंत्रकातील थर्मिस्टर नावाचा मण्याएवढा संवेदक याच तत्त्वावर चालतो.

विस्कॉन्सिनमधील एका अध्यापकाची कथा प्राध्यापकवर्गाला विशेष जवळची वाटेल. व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात शिकवणारे वॉरन जॉन्सन यांच्या वर्गात खोलीचे तापमान पाहण्यासाठी शिपाई वारंवार येई आणि नंतर तळघरात जाऊन भट्टीची झडप कमी-अधिक करी. तास मोडण्याच्या या त्रासातून वर्गातील तापमानाची खबर विजेच्या तारेने तळघरातील शिपायापर्यंत पोहोचवणारे साधन त्यांनी तयार केले व १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १८८५ मध्ये त्यांची कंपनी मिलवॉकी येथे स्थापन झाली. जॉन्सन कंट्रोल्स या तिच्या नावाचे औद्योगिक तापनियंत्रक शंभर वर्षांनी अमेरिकेतील हौशी ब्रुअरांच्या फ्रीजवर बसले. तापमान एका ठिकाणी मोजावयाचे, कृती दुसऱ्या ठिकाणी करावयाची आणि मध्ये तार, ही रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

६. बर्फ आणि शीतयंत्र

१८३३ मध्ये म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीचा गाब्रिएल झेडलमायर व व्हिएन्नाजवळील श्वेखाटचा आंटोन ड्रेहर हे दोघे तरुण इंग्लंडमध्ये हिंडले. तेथील ब्रुअरींची मोजमापाची साधने व रीती त्यांनी पाहिल्या आणि पोकळ काठीत लपवून नमुनेही मिळवले, असे सांगितले जाते. १८४१ मध्ये ड्रेहरची नवी लागर बाजारात आली. १८४२ मध्ये पिल्झन येथे योझेफ ग्रोल याने फिकट सोनेरी लागर तयार केली. लागरची मागणी युरोपभर वाढली, तशी बर्फाची भूकही वाढली. तळी व नद्यांवरील बर्फ कापून तळघरे भरली जात. हिवाळा सौम्य गेला की ब्रुअरीवाल्यांच्या तोंडचे पाणी पळे.

यावर उपाय शोधणारे कार्ल लिंडे हे म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक होते. १८७० व १८७१ मध्ये त्यांनी शीतकरणाच्या सिद्धान्तावर लेख लिहिले. ड्रेहर ब्रुअरीच्या अधिकाऱ्याने त्यांची दखल घेतली आणि झेडलमायरने आपल्या ब्रुअरीत प्रयोगास जागा दिली. १८७३ चे पहिले यंत्र मिथिल ईथरवर चालणारे होते. १८७६ च्या सुधारित यंत्रात अमोनिया वापरला गेला. १८७७ मध्ये त्रिएस्ते येथील ड्रेहर ब्रुअरीत असे यंत्र बसले आणि १८७९ मध्ये लिंडे यांची कंपनी स्थापन झाली. आधुनिक शीतकरण-उद्योगाचा पाया घालणाऱ्या पहिल्या ग्राहकांत बिअर उत्पादक होते, ही बाब लक्षणीय आहे. ज्या फ्रीजमध्ये आपण आज दूध ठेवतो त्याची वंशावळ ब्रुअरीच्या तळघराशी येऊन भिडते.

१८७६ मध्ये पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. कृत्रिम थंडावा व शुद्ध यीस्ट यांच्या संयोगाने बिअर वर्षभर, कोठेही आणि एकाच चवीची होऊ लागली. उन्हाळा व हिवाळा हा भेद संपला. परंतु त्यासाठी लागणारे भांडवल कोणत्याही घराच्या आवाक्यातले नव्हते. किण्वनाच्या तापमानावरील सत्ता आता पूर्णतः कारखान्याची झाली.

या इतिहासाचे पडसाद भारतातही उमटले. १८३३ मध्येच फ्रेडरिक ट्यूडरचा बर्फ बोस्टनहून जहाजाने कोलकात्यास आला आणि पुढे मुंबई व मद्रास येथेही बर्फगृहे उभी राहिली. १८५० च्या दशकात एडवर्ड डायरने ब्रुअरीसाठी कसौलीसारखे थंड हवेचे ठिकाण निवडले. जेथे यंत्र नव्हते तेथे डोंगर शोधावा लागला.

७. फ्रीज घरात येतो, बिअर घरी परतते

घरगुती फ्रीज अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विक्रीस आले. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने आणलेल्या ‘मॉनिटर टॉप’ या नमुन्याने ते मध्यमवर्गात रूढ केले. सुरुवातीचे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे शीतक वायू विषारी होते. १९२८ मध्ये टॉमस मिज्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील वायूंचा पर्याय दिला आणि फ्रीज स्वयंपाकघरात निर्धास्तपणे ठेवता येऊ लागला.

दरम्यान, १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत राष्ट्रव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी द्राक्षमद्य करण्यास मुभा मिळाली, पण बिअरचा समावेश झाला नाही. ही विसंगती दूर होण्यास १९७८ उजाडले. त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी संबंधित विधेयकावर स्वाक्षरी केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून दोन प्रौढांच्या कुटुंबास वर्षाला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करण्याची केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने मिसिसिपी व अलाबामा या शेवटच्या राज्यांत ती २०१३ मध्ये मिळाली. इंग्लंडमध्ये १८८० पासून घरगुती ब्रुअरांना परवाना घ्यावा लागे. १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट रद्द केली.

कायद्याने वाट मोकळी झाली तरी तापमानाचा प्रश्न उरलाच. ओल्या कापडात भांडे गुंडाळणे, पाण्याच्या टबात बर्फाच्या बाटल्या सोडणे, तळघराचा कोपरा गाठणे असे उपाय केले जात. याच सुमारास अनेक अमेरिकी घरांत नवा फ्रीज आला की जुना गॅरेजमध्ये जाऊन पडे. सुमारे १९ लिटरचे, म्हणजे ५ गॅलनचे किण्वनपात्र त्यात नेमके मावे. कारखान्याकडे गेलेला थंडावा अशा रीतीने अडगळीच्या वाटेने घरी परतला.

मात्र फ्रीजचा स्वतःचा तापनियंत्रक अन्न टिकवण्यासाठी, म्हणजे साधारण २ ते ५ अंशांसाठी, बनवलेला असतो. १८ अंशांवर एल किंवा १० अंशांवर लागर आंबवणे त्याला जमत नाही. म्हणून बाहेरचा नियंत्रक लावून फ्रीजला होणारा वीजपुरवठाच चालू-बंद केला जातो. संवेदक पात्राच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधतात, जेणेकरून हवेचे नव्हे तर द्रवाचे तापमान कळावे. कॉम्प्रेसरला वारंवार धक्के बसू नयेत म्हणून दोन सुरुवातींमध्ये काही मिनिटांचा अवधी ठेवला जातो. थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी एक छोटा हीटरही आत ठेवावा लागतो. म्हणजे संवेदकाची बारीक वायर व हीटरची जाड वायर अशा दोन वायरींना वाट करून द्यावी लागते.

८. वायर नेण्याच्या वाटा आणि त्यांचा इतिहास

पहिली व सर्वांत सोपी वाट म्हणजे दाराची रबरी पट्टी. संवेदकाची वायर पट्टीखाली दाबून दार लावले की काम भागते. ही पट्टी इतकी मऊ व चुंबकीय का असते, याचे उत्तर एका शोकांतिकेत आहे. जुन्या फ्रीजना बाहेरून अडकणारी कडी असे. टाकून दिलेल्या अशा कपाटांत खेळताना लपलेली मुले आतून दार उघडता न आल्याने गुदमरून मेली. अशा घटना वारंवार घडल्यावर अमेरिकेत १९५६ मध्ये रेफ्रिजरेटर सेफ्टी ॲक्ट संमत झाला आणि ३० ऑक्टोबर १९५८ पासून तयार होणाऱ्या घरगुती फ्रीजचे दार आतून सहज ढकलून उघडता येणे बंधनकारक झाले. कडी गेली, चुंबकीय पट्टी सर्वत्र आली. वायर सामावून घेणारी ही मऊ फट मुळात त्या मुलांसाठी आहे. तिच्यातही दोष आहेत. जाड वायर घातल्यास फट राहते, बाहेरची दमट हवा आत शिरते, पाणी साचते व बुरशी धरते. शिवाय दार रोज उघडल्याने वायरचे आवरण झिजते. हीटरच्या वायरीत घरगुती दाबाची वीज असल्याने ही झीज दुर्लक्षून चालत नाही.

दुसरी वाट फ्रीजच्या मागच्या बाजूच्या निचऱ्याच्या छिद्राची. वितळलेल्या दवाचे पाणी बाहेर नेण्यासाठी ते कारखान्यातच ठेवलेले असते. बारीक वायर त्यातून जाते, परंतु निचरा तुंबणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

तिसरी वाट स्वतः छिद्र पाडण्याची. येथे इतिहास खऱ्या अर्थाने आडवा येतो. जुन्या फ्रीजची उष्णता बाहेर टाकणारी जाळी पाठीमागे उघड्यावर असे, त्यामुळे बाजूच्या भिंती बहुधा मोकळ्या असत. पुढे अनेक नमुन्यांत या नळ्या बाजूच्या पत्र्याखाली दडवण्यात आल्या. ड्रिलचे टोक त्यांतील एखाद्या नळीस लागले तर वायू निघून जातो आणि फ्रीज निकामी होतो. वायू कोणता, यालाही महत्त्व आहे. क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे ओझोन थराची हानी होते, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. १९९३ मध्ये जर्मनीत हायड्रोकार्बनवर चालणारे फ्रीज बाजारात आले. आज अनेक घरगुती फ्रीजमध्ये असलेला आयसोब्युटेन ओझोनला निरुपद्रवी, पण ज्वालाग्राही आहे. पृथ्वीच्या रक्षणासाठी झालेल्या बदलाने छिद्र पाडणाऱ्या गृहस्थाची जोखीम मात्र वाढवली.

या अडचणीवर हौशी मंडळींनी काढलेला तोडगा त्यांच्या चातुर्याची साक्ष देतो. मक्याचे पीठ व स्पिरिट यांचे पातळ मिश्रण ते भिंतीवर फासतात आणि कॉम्प्रेसर चालू करतात. ज्या रेषांवर लेप आधी वाळतो, त्यांखाली गरम नळी आहे असे समजावे. स्पिरिटही ज्वालाग्राही असल्याने हा प्रयोग ठिणगीपासून दूर व मोकळ्या हवेत करावा लागतो. दारात सहसा शीतकाच्या नळ्या नसतात, म्हणून काहीजण दारालाच छिद्र पाडतात. आडव्या डीप-फ्रीझरच्या बहुतेक भिंतींत नळ्या असतात. तेथे झाकण व पेटी यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवून त्या लाकडाला छिद्र पाडण्याची पद्धत रूढ आहे. यंत्राला जराही न दुखावता त्यात शिरण्याचा हा मार्ग होय. छिद्राच्या कडेला रबरी कडे बसवणे, उरलेली फट सिलिकॉनने बुजवणे आणि वायरीवर जमलेले दव जोडणीपर्यंत ओघळू नये म्हणून तिला बाहेर एक खालचा झोल देणे, हे या कामाचे उरलेले संकेत.

यांपैकी बहुतेक युक्त्या निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाहीत. त्या वापरणाऱ्यांनी चुकत-माकत शोधल्या व एकमेकांना सांगितल्या. मध्ययुगीन गृहिणीचे एल करण्याचे ज्ञान असेच तोंडोतोंडी चालत असे. या साम्याला एक मर्यादाही आहे. ज्या स्त्रियांच्या हातून हा उद्योग गेला त्यांच्या वारसांकडे तो परतला नाही. १९७८ नंतरच्या अमेरिकी घरगुती ब्रुअरांत पुरुषांचेच प्रमाण मोठे राहिले आणि त्यांची कार्यशाळा स्वयंपाकघरापेक्षा गॅरेजमध्ये अधिक होती. उद्योग परतला, पण घराच्या दुसऱ्या दाराने.

९. महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात फ्रीजचे उत्पादन मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने सुरू केले. फ्रीज येथे आला, पण त्याचा हा उपयोग येथे रुजला नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, जो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्यानुसार विनापरवाना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे प्रस्तुत निबंध हे अनुकरणाचे आवाहन नव्हे, हे सांगणे उचित ठरेल. तथापि, बंद उपकरणाची रचना समजून घेऊन ते आपल्या गरजेनुसार बदलण्याचे हे कौशल्य केवळ मद्यापुरते नाही. महागडे इनक्युबेटर न परवडणाऱ्या प्रयोगशाळेलाही तेच कौशल्य उपयोगी पडू शकते.

१०. निष्कर्ष

१) बिअर-किण्वनातील तापमान-नियंत्रण ऋतू, तळघर, मोजमापाची साधने, शीतयंत्र व घरगुती फ्रीज अशा टप्प्यांनी विकसित झाले.

२) घरगुती मद्यनिर्मितीचा ऱ्हास शीतकरणाआधीच भांडवल, कर व व्यापारी संघटन यांमुळे सुरू झाला होता. एकोणिसाव्या शतकातील शीतयंत्राने तो पक्का केला.

३) जे तंत्र ब्रुअरीच्या गरजेतून वाढले, तेच घरगुती फ्रीजच्या रूपाने शंभर वर्षांनी घरगुती किण्वनाच्या पुनरुज्जीवनास उपयोगी पडले. मात्र त्यासाठी कायद्यातील बदल आवश्यक होता आणि त्याचा लाभ मूळ वंचित घटकास मिळाला नाही.

४) फ्रीजमध्ये वायर नेण्याच्या प्रत्येक वाटेवर १९५६ चा बालसुरक्षेचा कायदा, १९८७ चा मॉन्ट्रियल करार यांसारख्या घटनांचा ठसा आहे.

वस्तू वापरणारा सामान्य मनुष्य इतिहास वाचून वायर ओढत नाही, हे खरे. परंतु छिद्र कोठे पाडावे याचा विचार करताना तो नकळत त्या वस्तूचा भूतकाळच चाचपडत असतो. ड्रिल हाती घेण्यापूर्वी भिंतीवर लेप फासून क्षणभर थांबणे आणि आत काय दडले आहे ते पाहणे, ही सावधगिरी इतिहासाच्या अभ्यासकालाही लागू पडते.